परतीची शीर

अफुराड्याच्या मासळीच्या धक्क्यावर झुल्मीरामावशीच्या जिभेला सगळे वचकून होते. बोटवाले, बर्फवाला, बाजाराची पावती फाडायला येणारा माणूस, एवढंच काय, चर्चचे फादरसुद्धा तिच्या टोपल्यांसमोरून जरा लगबगीनंच जायचे. एखाद्यानं तारली उचलून नाकाशी धरली, की मावशी अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काय रे नवरदेवा, पसंत आहे का पोरगी?" मी निवडायला वेळ लावला की म्हणायची, "डॉक्टरीणबाई, मेलाय तो. आता नाडी बघून काय उपयोग?"

मी लिओनोर. राहते अफुराड्यातच, वरच्या गल्लीत, आणि नोकरी नदीपलीकडे पोर्तोत, एका मोठ्या हॉस्पिटलात. दारावर पाटी प्लास्टिक सर्जरीची, त्यामुळे धक्क्यावरच्या बायकांना वाटतं की मी श्रीमंतांची नाकं सरळ करते. काम खरं वेगळंच आहे. कुणाचा जबडा कॅन्सरमध्ये जातो, कुणाची पोटरी ट्रॅक्टरखाली चिरडते. तिथे त्याच माणसाच्या अंगावरचं दुसरीकडचं कातडं-मांस नेऊन बसवायचं, आणि ते जगावं म्हणून त्याच्या रक्तवाहिन्या नव्या जागच्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडायच्या. झालं. बाकी सगळं वाट बघणं.

त्या वसंतात एका शनिवारी एका गिऱ्हाइकानं मावशीच्या तोंडावर "बांगडे शिळे दिसतायत" म्हटलं. आजूबाजूच्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या. असला तमाशा कोण चुकवेल? मावशी काहीच बोलली नाही. तिनं बांगडे कागदात गुंडाळले आणि मुकाट्यानं त्याच्या हातात दिले.

मी टोपल्यांना वळसा घालून तिच्याजवळ गेले.

"मावशी, तोंड उघड बघू."

"कशाला? दात मोजायचेत?" ती म्हणाली, पण शब्द उजव्या गालातून येत होते, गरम बटाटा तोंडात धरल्यासारखे.

ताडपत्रीच्या आडोशाला नेऊन मी मोबाइलच्या उजेडात बघितलं. जिभेच्या डाव्या कडेला जखम होती, आणि जखमेच्या कडा बोटाला कडक लागत होत्या.

"दाताचं टोक लागतंय मेलं," ती म्हणाली. "मिठाच्या गुळण्या करते. जाईल."

"दात नाहीये तो, मावशी. सोमवारी माझ्याबरोबर चल."

तिनं एप्रनला हात पुसले आणि मान डोलावली.

तपासण्या झाल्या. जे वाटलं होतं तेच निघालं. मी मावशीला, तिच्या नवऱ्याला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं. नवरा अदेलीनो, जन्मभर समुद्रावर गेलेला माणूस. तो मुका आहे असं नवीन लोकांना वाटायचं, कारण त्याच्या वाट्याचंही मावशीच बोलायची. मुलगी ग्रासा जवळच्या गाया शहरात केस कापण्याचं दुकान चालवते.

"जिभेचा डावा अर्धा भाग काढावा लागेल," मी म्हटलं. "आणि मानेतल्या गाठी."

"अर्धी म्हणजे कुठली अर्धी?" मावशीनं विचारलं. "शिव्या देणारी, का देवाचं नाव घेणारी?"

ग्रासाला रडू फुटलं. "आई, जरा गप्प बस ना गं!"

"बसणारच आहे आता. तेवढं तरी बोलू दे."

मी समजावून सांगितलं. काढलेल्या जागी नवी जीभ बसवायची, डाव्या हाताच्या मनगटाजवळच्या कातडीची. त्या कातडीला रक्त आणणारी एक धमनी आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा तिच्याबरोबरच काढायच्या, आणि मानेतल्या धमनीला, शिरेला जोडायच्या.

"माझा हात कशाला कापता?" तिनं अदेलीनोकडे बोट दाखवलं. "याची जीभ घ्या की. कोरी आहे. लग्नात 'हो' म्हणाला, तेवढीच वापरलीय."

अदेलीनो टोपी हातात फिरवत कसंनुसं हसला.

"दुसऱ्याचं चालत नाही, मावशी. अंग परकं ओळखतं."

"मग नशीब माझं. पण डावाच हात हं. उजवा सुरीचा आहे. आणि संत पेद्रोची जत्रा होऊ दे, मग काय ते कापा. जत्रेआधी मला मरायला वेळ नाही."

"जत्रेपर्यंत थांबता येणार नाही."

तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला. खुर्चीत ती एकदम लहान दिसायला लागली. "बोलता येईल का गं?"

"येईल. काही अक्षरं अडतील, पुन्हा शिकावं लागेल. पण ती कातडी जगली तर."

"आणि नाही जगली तर?"

"काढून टाकावी लागेल, आणि दुसरीकडून नवी घ्यावी लागेल."

तिनं आपलं डावं मनगट उजव्या अंगठ्यानं दाबून बघितलं. मग म्हणाली, "मग जगव बाई. सारखं सारखं कापून घ्यायला मी काय टोपलीतलं माकूल आहे?"

आमच्या विभागाचे प्रमुख तावैरासर. उत्तरेकडच्या मिन्यो भागातले, उंच, किंचित वाकलेले, आणि एका वाक्यात माणसाची सालं काढणारे. त्यांच्या हाताखाली मी शिकले. आमचं दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं, ती म्हणजे शीर कशी जोडायची.

बाहेरच्या लोकांना वाटतं, धमनी जोडणं अवघड. तिच्यातून रक्त उसळतं म्हणून असेल. पण धमनीची भिंत जाड असते, कापली तरी नळीसारखी तोंड उघडून उभी राहते. शीर म्हणजे पाण्यात भिजलेला सिगारेटचा कागद. कापली की मिटून जाते, तोंड कुठे आहे तेच कळत नाही. सुई घालताना पुढच्या भिंतीबरोबर मागची भिंत कधी धरली गेली, तेही कळत नाही. आणि आम्ही बसवलेले तुकडे मरतात ते बहुतेक वेळा शिरेमुळेच. धमनी रक्त आणत राहते, परतीची वाट बंद असते. तुकडा फुगतो, निळा पडतो आणि स्वतःच्याच रक्तात गुदमरतो.

सर प्रत्येक शीर हातानं शिवायचे. केसाहून बारीक दोरा, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी सुई, एकेक टाका. मी मात्र शक्य तिथे कडी वापरायची. दोन इवल्या कड्या असतात, त्यांना बारीक काटे. एकेका शिरेचं तोंड कडीतून ओढून काट्यांवर उलटं पसरवायचं आणि दोन्ही कड्या एकमेकींवर दाबून बसवायच्या. शिवण नाही, आत दोरा नाही, आणि कडीमुळे शीर मिटतही नाही. सरांनी तिचं नाव ठेवलं होतं टिचबटण.

"टिचबटणं लावणाऱ्याला शिंपी म्हणतात का, लिओनोर?"

"सर, ब्लाउज नीट बसला की बाईला त्याच्याशी काही देणं-घेणं नसतं."

"आणि बटण जिथे लागत नाही तिथे काय करशील?"

"तिथे तुमच्यासारखीच शिवीन."

"माझ्यासारखी!" ते नर्सकडे बघून म्हणायचे. "ऐकलंत? सूर्य पश्चिमेला उगवला."

मावशीचं ऑपरेशन एका मंगळवारी सकाळी सुरू झालं. कॅन्सरच्या सर्जननी आपलं काम केलं, आम्ही हाताचा तुकडा सोडवला. सरांनी धमनी शिवली. शीर माझ्याकडे आली. मानेत मोठ्या शिरेला येऊन मिळणारी एक फांदी होती, तोंड हाताच्या शिरेच्या मापाचं. कडीसाठी याहून सोयीचं काय असणार? मी कडी लावली. चिमटे काढले, तसा तो पांढराफटक तुकडा आधी ठिपक्याठिपक्यांनी आणि मग सगळा गुलाबी झाला. मी हे किती वेळा बघितलंय, तरी दर वेळी पहिल्यांदा बघतेय असं वाटतं. सर मायक्रोस्कोपमधून बघत पुटपुटले, "हं. बटण लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी शुद्धीवर होती. तिला बोलता येत नव्हतं, श्वासासाठी गळ्यात नळी होती, डावा हात कोपरापर्यंत बांधलेला. उशाशी पाटी-खडू. आणि शेजारी खुर्चीवर अदेलीनो बसून बोलत होता. आधी मला वाटलं, रेडिओ चालू आहे.

"...तर तो दिनीज म्हणाला, जाळं माझं. मी म्हटलं, बाबा, जाळ्यावर नाव आहे का तुझं? आणि तो वारा, झुल्मीरा, तो वारा असा फिरला की दिनीजची टोपीच समुद्रात. मी तुला हे कधी सांगितलं नाही. सांगायला तू मधे थांबलीस कधी?"

मावशीनं मला बघितलं, उजव्या हातानं पाटी ओढली आणि लिहिलं, 'याला घेऊन जा.'

मी तोंड उघडायला लावलं. नवी जीभ गुलाबी, मऊ. बोटानं दाबली की पांढरी, सोडली की परत गुलाबी. अदेलीनो विचारत होता, "ठीक आहे ना बाई? ती हसतेय, म्हणजे ठीकच असणार ना?" ती खरंच हसत होती, डोळ्यांनी.

दुपारी कँटीनमध्ये मी पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला आणि फोन वाजला. वॉर्डच्या मुख्य नर्स इदालिना. त्या उगीच फोन करणाऱ्यांतल्या नाहीत.

"डॉक्टर, मला तिचा रंग आवडत नाहीये."

मी जिन्यानं धावले. लिफ्टची वाट बघणं शक्यच नव्हतं. मावशीच्या तोंडात टॉर्च मारला. सकाळची गुलाबी जीभ पिकल्या काळ्या द्राक्षासारखी झाली होती, फुगलेली, ताठ. सुईनं टोचलं, तर काळपट रक्त भराभर आलं. शीर बंद झाली होती.

अदेलीनो भिंतीला चिकटून उभा होता. मावशी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मीच सांगितलं.

"मावशी, परतीची वाट तुंबलीय. पुन्हा मान उघडावी लागेल, आत्ताच. तुकडा अजून जिवंत आहे."

तिनं उजवा हात उचलला आणि दरवाजाकडे दाखवला. चल मग, उभी काय राहिलीस.

थिएटरकडे जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. कडी. माझी कडी. धमनी सरांच्या हातची, ती वाहत होती. शीर माझ्या हातची, ती बंद. हात धुताना सर शेजारच्या नळावर येऊन उभे राहिले. ते नखं घासत राहिले. त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मान उघडली. आत रक्त साकळलं होतं, ते आधी काढलं. मग मायक्रोस्कोप ओढला. कडी होती तिथेच होती, सरळ, उघडी. तिच्यापुढे मानेतली ती फांदी मात्र साकळलेल्या रक्ताखाली दाबली जाऊन मुडपली होती, बागेतली नळी मुडपते तशी. मुडपली त्या जागेपासून मागे सगळी गुठळी.

सरांनी बराच वेळ बघितलं. "तुझं टिचबटण शाबूत आहे, लिओनोर," ते म्हणाले. "कापडच मुडपलं."

ती फांदी वाया गेली होती. जवळपास दुसरी धड फांदी उरली नव्हती, गाठी काढताना त्या बांधाव्याच लागल्या होत्या. उरली होती ती मानेतली मोठी शीर, अंगठ्याएवढी, आणि तिच्यासमोर हातातून आलेली शीर, काडीएवढी. तोंडाला तोंड लावायचा प्रश्नच नव्हता. मोठ्या शिरेच्या कुशीला खिडकी कापायची आणि लहान शिरेचं तोंड त्या खिडकीला शिवायचं. हातानं, एकेक टाका.

"तुम्ही बसा, सर," मी म्हटलं.

"माझी मान आता त्या कोनात वळत नाही. वळवली तर तुम्हाला मलाही टेबलावर घ्यावं लागेल." ते समोरच्या मदतनिसाच्या स्टुलावर जाऊन बसले. या विभागात त्या स्टुलावर त्यांना मी कधीच बघितलं नव्हतं. "तू शीव. मी पाणी घालतो."

आधी तुकड्याच्या शिरेतल्या गुठळ्या काढल्या. गुठळी विरघळवणारं औषध घालून आतून धुतलं. काळं रक्त येत राहिलं, मग हळूहळू लाल यायला लागलं. तुकडा अजून आपला होता.

मोठ्या शिरेला अर्धवट चिमटा लावून मी कुशीत लंबगोल खिडकी कापली. लहान शिरेचं तोंड तिरकं कापून मोठं केलं, म्हणजे खिडकीच्या मापाचं होईल. पण ते कापल्याबरोबर मिटलं. ओला कागद. मी चिमट्यानं उघडायला गेले, तशी सरांची सिरिंज मधे आली.

"ओढू नकोस. शीर पाण्यात आपणहून उघडते." त्यांनी खाऱ्या पाण्याचे थेंब सोडले, अगदी थोडे. शिरेच्या कडा तरंगल्या आणि शिंपल्यासारखं तोंड उघडलं. "आता टाक."

पहिला टाका एका टोकाला, दुसरा समोरच्या टोकाला. मग मागची बाजू. मागची आधी, कारण पुढची शिवल्यावर मागची दिसत नाही. टाका, गाठ, कात्री. टाका, गाठ, कात्री. मधेच सर पाणी सोडत आणि थांबत, मी श्वास सोडायची वाट बघत असावेत.

पुढच्या बाजूचे टाके सुरू झाले. एक टाका मी ओढला, आणि दोरा किंचित जड लागला. अगदी किंचित. सर काही म्हणायच्या आतच माझा हात थांबला.

"मागची भिंत आलीय," मी म्हटलं.

"दिसलं मलाही."

"कापते."

"काप. घाई नाही. ती झोपलीय, आणि नवरा बाहेर जपमाळ ओढतोय. सगळे कामात आहेत."

तो टाका कापून मी परत घातला. शेवटचे काही टाके नुसते घालून ठेवले, गाठी न मारता, म्हणजे आत डोकावता येईल. आतून शिवण स्वच्छ होती, मागची भिंत मोकळी. मग गाठी मारल्या.

"सोड," सर म्हणाले.

मी चिमटा काढला. लहान शीर आधी फुगली नाही. काहीच हललं नाही. सरांनी कोमट पाण्याचा बोळा शिवणीवर ठेवला आणि म्हणाले, "शीर आखडलीय. दम धर." थोड्या वेळानं त्यांनी बोळा उचलला, आणि त्या शिरेतून रक्त आरामात पुढे सरकत मोठ्या शिरेत मिसळलं. मी दोन चिमट्यांनी शीर दाबून रिकामी केली, मागचा चिमटा सोडला. भरली. परत रिकामी केली. परत भरली.

तोंडाकडे बसलेली भूलतज्ज्ञ ब्रिजिडा म्हणाली, "अहो, इकडे बघा तरी."

जीभ काळीनिळी होती ती जांभळट झाली, जांभळट होती ती मळकट तांबूस. आणि मग, आम्ही बघत असतानाच, कडेकडेनं गुलाबी यायला लागली. मी टोचलं. जरा थांबून लाल थेंब आला, हवा तसा, लाल, सावकाश.

"बरं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बऱ्यापैकी शिंपी आहेस." मग दारापर्यंत जाऊन परत वळले. "मान उघडी राहू दे जरा. सैल शीव. आणि आत नळी ठेव, रक्त साकळायला नको." हे मला माहीत होतं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. पण काहीतरी बोलल्याशिवाय त्यांच्याच्यानं बाहेर पडवत नव्हतं.

बाहेर ग्रासा उभी होती, दुकानातला एप्रन तसाच अंगावर. अदेलीनो बाकावर, टोपी गुडघ्यांच्या मधे.

"गुलाबी आहे," मी म्हटलं.

ग्रासानं मला मिठी मारली, इतकी घट्ट की माझी टोपी पडली. अदेलीनो उठला नाही. तो खाली बघून म्हणाला, "बाई, माझ्यामुळे झालं का?"

"काय?"

"मी सकाळभर बोलत होतो. तिला हसू येत होतं, ती मान हलवत होती. मी जन्मभर बोललो नाही, आणि बोललो तर हे झालं. माझ्या बोलण्यानं तिची शीर तुटली का?"

मी त्याच्याशेजारी बसले.

"नाही हो काका. आत रक्त साकळलं आणि त्यानं शीर दाबली. कुणाच्याही बाबतीत होतं. हसण्यानं नाही होत."

"नक्की?"

"नक्की. आणि दिनीजच्या टोपीचं पुढे काय झालं, ते मलाही ऐकायचंय. उद्या ती जागी झाली की पहिल्यापासून सांगा."

त्यानं टोपी तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत होते. ग्रासा म्हणाली, "बाबा, अहो बाबा," आणि मग तीही हसायला लागली, रडत रडत. जाणारे-येणारे आमच्याकडे बघत होते. त्यांना काय कळणार, इथे चांगली बातमी आलीय की वाईट?

पुढचे दिवस सावकाश गेले, आणि सावकाश जाणं हे आमच्या धंद्यात सुख असतं. इदालिना बाई येता-जाता टॉर्च मारून बघायच्या आणि माझ्याकडे बघून नुसतं ओठ पुढे काढायच्या, म्हणजे ठीक. जीभ गुलाबीच राहिली. सूज उतरली. कॅन्सर काढलेल्या भागाचा अहवाल आला. कडा स्वच्छ होत्या, मानेतल्या गाठीही स्वच्छ. ग्रासानं तो अहवाल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मग खाली जाऊन सगळ्या नर्सेससाठी क्रीमचे केक घेऊन आली. मावशीला तेव्हा नाकातल्या नळीतून पेज चालू होती. तिनं केकच्या खोक्याकडे असं काही बघितलं, की इदालिना बाईंनी ते उचलून दुसऱ्या खोलीत नेलं.

अदेलीनो रोज यायचा आणि बोलायचा. दिनीजची टोपी संपली, मग वडिलांची बोट, मग लग्नाआधी त्यानं मावशीला पहिल्यांदा बघितलं ती सकाळ. हे ऐकताना मावशीनं पाटी उलटी ठेवली होती. मी औषधाचं काहीतरी विचारायला आत आले, तर तिनं हातानंच मला बाहेर जायला सांगितलं.

मग गळ्यातली नळी काढायची वेळ आली. सकाळची फेरी होती, सगळे होते, सर, मी, इदालिना बाई, घरची दोघं. नळी काढून भोकावर पट्टी लावली. सर खाटेच्या पायाशी उभे राहिले, हात मागे बांधून.

"काय मावशी, कसं वाटतंय तोंडात?"

मावशीनं पट्टीवर बोट दाबलं, जसं शिकवलं होतं तसं. घसा साफ केला.

"कुनीतली," ती म्हणाली, जाड, लाळ भरलेल्या आवाजात, एकेक अक्षर ओढत, "माझ्या तोंदात... हात घातल्याशालखं वातत्तंय."

हात तर खरंच घातला होता, तिचाच. मग सर हसायला लागले. मी त्यांना गालातल्या गालात हसताना खूपदा बघितलंय, पण हे तसलं नव्हतं. त्यांना खाटेचा कठडा धरावा लागला. इदालिना बाईंनी पदर नव्हता म्हणून एप्रन तोंडाला लावला. ग्रासा "आई गं, आई" करत होती. मावशी आमच्याकडे बघत होती, आपण काय बोललो ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि लोक हसले की ती जशी हनुवटी वर करायची, तशी तिनं हनुवटी वर केली.

बोलायला शिकवणाऱ्या बाई नंतर कित्येक दिवस तिच्याबरोबर बसल्या. 'स' फारसा आलाच नाही. 'र' कधी यायचा, कधी नाही. गिळणं मात्र छान जमलं. पहिला चमचा दह्याचा, मग कालवलेला बटाटा, मग एक दिवस ग्रासानं लपवून आणलेला कॉड माशाचा मऊ तुकडा. जत्रा हुकली. त्या दिवशी ती हॉस्पिटलच्या खिडकीत बसून होती, नदीवरच्या सजवलेल्या बोटी तिथून दिसत नाहीत, पण फटाके ऐकू येतात.

ऑगस्टच्या शेवटी मी शनिवारी धक्क्यावर गेले. मावशी आपल्या जागी होती, डाव्या मनगटावर चौकोनी डाग, तो ती गिऱ्हाइकांना दाखवत होती. आणि तिच्या शेजारी, उलट्या टोपलीवर, अदेलीनो. बोट त्यानं भाच्याला देऊन टाकली होती. जे वाक्य मावशीला अवघड जायचं, ते ती त्याच्या कानात सांगायची आणि तो मोठ्यानं म्हणायचा.

एक बाई तारल्या चिवडत होती. मावशी अदेलीनोच्या कानाशी वाकली.

"बाई," अदेलीनो ओरडला, "तुम्हाला... तुम्हाला कोणती पसंत आहे ती घ्या हं. सावकाश."

मावशीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अशं नाई शांगितलं मी!"

"मला तसं बोलता येत नाही, झुल्मीरा."

"मग गप्प बश!"

"तेही आता येत नाही," तो म्हणाला, आणि त्या बाईला दिनीजच्या टोपीची गोष्ट सांगायला लागला. बाई तारल्या सोडून ऐकत बसली. मागे रांग लागली. मावशीनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले, माझ्या पिशवीत न मागताच बांगडे टाकले, आणि रांगेतल्या पुढच्याला हातानंच पुढे यायला सांगितलं.